जुना भाग टाकून देऊ नका
ब्रिटिश मोटरसायकलींचे दुर्मीळ सुटे भाग मागवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे येणारी चौकशी बहुतेक वेळा एका ओळीची असते: "बीएसए ए १०, १९५४, गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट हवा." एवढ्यावर भाग मागवला, तर तो चुकीचा येण्याचीच भीती जास्त. १९५४ साली बीएसए कंपनीची ए १० ही मोटरसायकल दोन प्रकारच्या फ्रेममध्ये मिळत होती. मागे प्लंजर (चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी उभ्या स्प्रिंगा) असलेल्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टने जोडलेला असे, तर स्विंगिंग आर्मच्या (मागचे चाक वरखाली झुलणाऱ्या दांड्यावर असलेल्या) गाडीत तो सुटा, वेगळ्या घडणीचा होता. नाव तेच, साल तेच, पण गिअरबॉक्स दोन.

त्यात या गाड्यांनी साठ-सत्तर वर्षांत अनेक मालक पाहिलेले असतात. कुणी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले, कुणी पुढचा फोर्क बदलला, कुणी हाताशी होते ते चाक लावले. म्हणून कागदपत्रांवरचे साल आम्ही विचारतो जरूर, पण विश्वास ठेवतो तो काढलेल्या भागावर. तो झिजलेला असो, तुटलेला असो, तुमच्या गाडीत काय बसते हे त्याच्याइतके खात्रीने कुणी सांगत नाही.

भागावर काय ठोकले आहे?

आधी रॉकेलने भाग स्वच्छ करा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मात्र लावू नका, उथळ ठोकलेले आकडे त्याने कायमचे जातात. ओतकामात उठून दिसणारा क्रमांक हा साच्याचा असतो. तो सुट्या भागांच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही, तरी तोही कळवा.

ट्रायम्फ कंपनीच्या सुट्या भागांच्या जुन्या पुस्तकांत क्रमांकाआधी अक्षर येते: इंजिनाला ई, गिअरबॉक्स-क्लचला टी, फ्रेमला एफ, चाकांना डब्ल्यू, पुढच्या फोर्कला एच. पुढे अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी ७०, ५७, ८२, ३७, ९७ असे आकडे आले. मागचा क्रमांक बहुधा तोच राहिला. हे माहीत नसल्यामुळे समोर पडलेला भागही लोकांना सापडत नाही. बीएसएमध्ये पुढचे दोन आकडे गाडीचे घराणे सांगतात: ६७ म्हणजे ए ७ आणि ए १०, ६८ म्हणजे ए ६५. पण एखादा भाग पुढच्या मॉडेललाही तसाच वापरला असेल, तर त्याचा मूळचा आकडा बदलत नाही. त्यामुळे ए ६५ मध्ये ६७ने सुरू होणारा भाग निघाला, तर दचकू नका.

विजेच्या सामानावर ल्युकासने बहुधा महिना आणि साल ठोकलेले असते. अमल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरवर ९३० दिसले, तर ती ९०० मालिका आणि ३० मिलिमीटरचा बोअर. तिरप्या रेघेनंतरचा आकडा कोणत्या गाडीसाठी जुळणी केली होती ते सांगतो. हे कार्ब्युरेटर इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात, त्यामुळे पार झिजलेल्या बॉडीवर खर्च करण्याआधी आम्हाला विचारा.

आटे: सर्वात जास्त नुकसान इथे होते

या गाड्यांवर एकाच इंजिनात तीन-चार जातींचे आटे भेटतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेला व्हिटवर्थ आणि त्याचा बारीक भाऊ बीएसएफ, दोन्हींच्या दातांचा कोन ५५ अंश. सायकल थ्रेड ६० अंशांचा. विजेच्या सामानात बीए, तो साडेसत्तेचाळीस अंशांचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बीएसए आणि ट्रायम्फ यूएनएफ-यूएनसी या (बारीक आणि जाड) युनिफाइड आट्यांकडे वळले, तेही टप्प्याटप्प्याने. त्या दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत जुने-नवे आटे शेजारी शेजारी असतात.

५/१६ इंचाचा बोल्ट घ्या. सायकल थ्रेडमध्ये त्यावर इंचाला २६ आटे, यूएनएफमध्ये २४, बीएसएफमध्ये २२, व्हिटवर्थमध्ये १८. जाडी सगळ्यांची एकच. त्यात ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून आजचा ८ मिलिमीटरचा बोल्ट तिथे चालेल असे वाटते. तो एक-दोन फेरे जातोही. मग अडतो, पान्याला जोर लावला जातो आणि अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या कवचातले) आटे निघतात. पाव इंचाला तर बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींत २६च आटे आहेत, फरक फक्त कोनाचा. तो हाताला कळत नाही, पिच गेजलाच, म्हणजे आट्यावर टेकवायच्या दातेरी पट्टीलाच कळतो. गेज नसेल तर बोल्ट आमच्याकडे पाठवा, मोजून कळवू.

पान्यांचेही तसेच. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेले माप बोल्टच्या दांड्याचे असते, डोक्याचे नव्हे.

नवा, जुना की नव्याने केलेला?

कारखान्याच्या मूळ वेष्टनातला, न वापरलेला भाग सगळ्यांनाच हवा असतो. गिअर, शाफ्ट, कॅम, ब्रॅकेट यांच्या बाबतीत आमचाही हट्ट तोच. पण रबर, ऑइल सील आणि मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र) यांना हा नियम लावू नका. साठ वर्षे खोक्यात राहिलेले रबर ताठरते. न वापरलेल्या मॅग्नेटोतला कंडेन्सरही वयाने दगावतो. थंड इंजिनावर ठिणगी चांगली पडते, तापल्यावर गाडी बंद. असा मॅग्नेटो 'नवा' म्हणून आला, तरी कंडेन्सर बदलल्याशिवाय आम्ही तो देत नाही. त्याच्या फिरण्याची दिशाही जुळावी लागते, म्हणून बॉडीवरचा बाण तपासा.

नंतर इतरांनी बनवलेले, ज्यांना पॅटर्न पार्ट म्हणतात, ते सगळे वाईट नसतात. गॅस्केट, केबल, क्लच प्लेट खुशाल घ्या. टाचणीएवढ्या फरकाने जिथे इंजिन जाऊ शकते तिथे, म्हणजे व्हॉल्व्ह, पिस्टन, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, आम्ही आधी मोजतो.

शोध कुठे घेतो

मोटरसायकलच्या कंपनीचे नाव धरून बसलो, तर बरेच हुकते. बर्मनचे गिअरबॉक्स एरियल, मॅचलेस, पँथर अशा वेगवेगळ्या गाड्यांत होते. रॉयल एनफिल्डने अल्बियनचे वापरले. ल्युकास, अमल, स्मिथ्स यांचा माल जवळपास सगळ्यांकडे. त्यामुळे आम्ही भाग बनवणाऱ्याचे नाव आधी शोधतो, गाडीचे नंतर. बेअरिंगवर तर फक्त क्रमांक आणि माप पुरते.

मोठा आधार आहे तो मालकांच्या क्लबांचा. व्हिन्सेंटचा स्टीव्हनेजचा कारखाना १९५५ मध्येच मोटरसायकली बनवायचा थांबला, पण मालकांच्या क्लबने काढलेली कंपनी आजही भाग बनवून घेते. त्यामुळे एवढी नावाजलेली गाडी पुष्कळदा सोपी जाते. बीएसए एम २० सैन्यासाठी सव्वा लाखावर बनली, तिचेही सामान मिळते. अवघड जाते ती साधी, कमी सीसीची, कुणी जपून न ठेवलेली गाडी, आणि तिचेही पत्र्याचे काम: टूलबॉक्स, चेनकेस, मडगार्डचे स्टे. अशा वस्तूंसाठी इंग्लंडच्या ऑटोजंबल, म्हणजे जुन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजारांची वाट पाहावी लागते. हॅम्पशायरमधल्या ब्यूलीचा बाजार १९६७ पासून भरतो. तिथे एकदा हुकले की वर्षभर थांबणे आले. ही मुदत आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

आम्हाला काय पाठवाल

इंजिन आणि फ्रेम दोन्हींचे क्रमांक, पुढच्या अक्षरांसह. भागाचे तीन बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. व्हर्निअरने घेतलेली मापे, शक्यतो न झिजलेल्या जागेवरची. आणि तो भाग जिथे बसतो त्या जागेचा एक फोटो. तोच पुष्कळदा कोडे सोडवतो.

क्रँककेसचा एकच अर्धा तुटला असेल, तर ऑर्डर देण्याआधी फोन करा. दोन्ही अर्धे कारखान्यात एकत्र जोडून बोअर केलेले असतात, दुसऱ्या जोडीतला अर्धा लावल्यास बेअरिंगच्या जागा एका रेषेत येत नाहीत. अशा वेळी तुटलेल्याला वेल्डिंग करून, पुन्हा मशिनिंग करणे हाच आमचा पहिला सल्ला असतो. त्यासाठी फुटलेले तुकडे लागतात, अगदी नखाएवढेसुद्धा. ते एका डब्यात जमवून ठेवा.