आधी बांध गेले, मग बागा आल्या

मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी देशी झाडांची बाग लावायची हौस शहरातली असली, तरी तिची गरज शिवारात तयार झाली. मराठवाड्यात माशीचा चारा असायचा तो बांधावर आणि तेलबियांत. भादव्यानंतर बोरी, थंडीत करडई-जवस, फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब, मग करंज. ज्वारीत जनावरं शिरू नयेत म्हणून कडेने काटेरी करडईची तासं घालत. तिच्या पिवळ्या फुलांवर आग्या मोहळाच्या माश्या तुटून पडत.

पुढे लातूर भागात सूर्यफूल वाढलं. माशी फिरकली नाही की त्याचे दाणे पोचट राहतात, त्यामुळे तिची किंमत शेतकऱ्याला नेमकी कळायची. मग सोयाबीन आलं आणि सूर्यफूल, करडई, जवस मागे पडले. सोयाबीन काय किंवा त्यामागे पेरला जाणारा हरभरा काय, दोघांचंही परागीभवन आपल्या आपण होतं. बाजार ज्याला, पेरा त्याचा. यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीची फवारणी सुरुवातीला घटली, पण तुडतुडे-माव्यासाठीची औषधं चालूच राहिली. त्यात वाटण्या, जेसीबी आणि तणनाशक. बांध कोरत कोरत पाऊलवाटेएवढा उरला.

फुलपाखराचं गणित वेगळं. त्याला मधाइतकीच अळीच्या पोटाची सोय लागते. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतात त्या रुईच्या पानाखाली प्लेन टायगर या फुलपाखराची मादी एकेक अंडं घालते. अळी रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते आणि म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कागदी लिंबाच्या पानावरची फुलपाखराची कोवळी अळी तर हुबेहूब पाखराची शीट वाटते. (जालन्याच्या मोसंबीवाल्याला तिचं कौतुक सांगायला जाऊ नये!) महाराष्ट्राने २०१५मध्ये नीलवंतला (ब्लू मॉरमॉन) राज्य फुलपाखरू केलं, पण ते मुख्यतः सह्याद्रीच्या पावसातलं. इथल्या माळावर रुई आणि तरवडावर वाढणारीच जास्त.

पाण्याचाही प्रश्न आहेच. लातूरला २०१६मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथे लॉन आणि शोभेच्या झाडांचा हट्ट परवडणारा नाही. तरवड, हिवर, बोर एकदा तगले की टँकर मागत नाहीत. नर्सरीत मात्र गुलमोहर आधी पुढे करतात; तरवडाचं बी उरल्यासुरल्या बांधावरूनच वेचून आणावं लागतं.