राखेच्या बुधवारापूर्वीचे आठवडे : खानदेशातील धर्मग्रामांची पार्श्वभूमी

गोव्यात ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे तीन-चार दिवस इंत्रुजचे, म्हणजे कार्निव्हलचे. मिरवणुका, गाणी, खाणेपिणे, आणि उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी सकाळी कपाळावर राख. खानदेशातल्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) असे काही दिसत नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत असो की नवापूर-धडगावकडच्या पाड्यांवर, हे दिवस शांतपणे जातात. इथल्या लोकांना सणाची हौस कमी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. इथला सर्वांत मोठा सण होळी, आणि ती राखेच्या बुधवारानंतर येते.

दोन्ही सण चंद्राशी बांधलेले असल्यामुळे असे होते. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम त्यातून पक्का होत गेला. त्या रविवारापासून ४६ दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार येतो. तो लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला पडतो. ईस्टरची पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्राची असते, त्यामुळे फाल्गुनाची पौर्णिमा उपवासकाळ सुरू झाल्यावर दीड-दोन आठवड्यांत येते. २०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि होळी १३ मार्चला. काही वर्षी फाल्गुन पौर्णिमाच २१ मार्चच्या पुढे सरकते. मग होळी थेट ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात येते. २०२४ साली २४ मार्चला झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणि होळी एकाच दिवशी आली. २००८ साली तर २१ मार्चला शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि फाल्गुन पौर्णिमा एकत्र होती. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारे सातपुड्यातले भोंगऱ्या बाजारही त्यामुळे उपवासकाळातच येतात. युरोपात आधी मेजवानी आणि मग उपास असा क्रम लागला. इथे उपास सुरू झाल्यावर ढोल वाजू लागतो. धर्मग्रामाचे फेब्रुवारीतले नियोजन समजून घ्यायचे तर हा उलटा क्रम आधी लक्षात घ्यावा लागतो.

जुन्या रोमन पंचांगात उपवासकाळापूर्वी तीन आठवड्यांचा स्वतंत्र काळ होता. सेप्टुआजेसिमा, सेक्साजेसिमा आणि क्विंक्वाजेसिमा ही त्यातल्या तीन रविवारांची नावे. लॅटिनमध्ये त्यांचे अर्थ सत्तरावा, साठावा, पन्नासावा. मोजून पाहिले तर फक्त शेवटचे नाव बरोबर उतरते, कारण ईस्टर धरून त्या रविवारी पन्नास दिवस भरतात. पहिला रविवार ईस्टरच्या ६३ दिवस आधी येतो, त्यामुळे ‘सत्तर’ हा ढोबळ आकडाच म्हणायचा. सहाव्या शतकापासून रोममध्ये हा काळ रुजला. सेप्टुआजेसिमापासून धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालत, ‘आल्लेलुया’ हा जयघोष आणि रविवारचे ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत बंद होई, पण उपास अजून लागू नसे. अंगणात उभे राहून आत जाण्याची तयारी करावी तसा हा काळ होता.

१९६९ साली पोप पॉल सहावे यांनी नवे पंचांग मंजूर केले आणि १ जानेवारी १९७० पासून हे तीन आठवडे सामान्य काळात विरून गेले. उपवासकाळाचे वेगळेपण ठसठशीत राहावे, हा त्यामागचा विचार होता. तो पटण्यासारखा आहे, पण तयारीचे काम कॅलेंडरमधून नाव पुसल्याने संपत नाही. १९८७ साली पुणे धर्मप्रांतापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत झाला आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडचा भाग त्यात आला. तोवर सेप्टुआजेसिमा हा शब्द जाणत्या लोकांच्या आठवणीतच उरला होता. काम मात्र आजही त्याच तीन आठवड्यांत उरकावे लागते.

त्यातले सगळ्यात जुने काम राखेचे. ११व्या शतकापर्यंत राख मुख्यतः जाहीर प्रायश्चित्त करणाऱ्यांना लावली जाई. १०९१ साली बेनेव्हेंतोच्या परिषदेने ती सर्वांना लावावी असे सांगितले. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्याच जाळायच्या, ही रीत त्यानंतरची. नारळ खानदेशचे झाड नाही. इथे शिंदीची पाने वापरतात, नवापूरकडे ताडाचीही मिळतात. लोक ती घरी नेऊन क्रूसाच्या मागे खोचून ठेवतात, आणि उपवासकाळाच्या दोन-तीन रविवार आधी ती परत आणण्याची सूचना द्यावी लागते. एकाच रविवारी सूचना दिली तर निम्मी पाने येतच नाहीत, कारण त्या रविवारी प्रत्येक घरातले माणूस चर्चमध्ये असतेच असे नाही.

पाने आल्यावर आधी निवडावी लागतात. क्रूसाच्या आकारात विणलेल्या पानांना नायलॉनचा दोरा, स्टेपलची पिन, प्लास्टिकचे फूल असते. प्लास्टिक वितळले की राखेत चिकट खडे होतात आणि ती चाळता येत नाही. कौलाखाली ठेवलेल्या पानांना पावसाळ्यात बुरशी येते. अशी पाने नुसती धुमसतात, म्हणून दोन दिवस कडक उन्हात टाकून मगच घ्यावीत. बोटभर तुकडे करून लोखंडी कढईत किंवा घमेल्यात उघड्यावर, थोडी थोडी जाळावीत. रॉकेल ओतू नये, त्याचा वास राखेतून जात नाही.

पाने पूर्ण जळू दिली तर राख पांढुरकी करडी होते, कपाळावर धड दिसत नाही आणि जास्त दाहक असते. ज्वाळा बसली आणि पाने काळी झाली की कढईवर झाकण ठेवावे, म्हणजे हवा न मिळाल्याने कोळसा काळाच राहतो. विस्तव आत दडून राहतो, म्हणून रात्रभर निवू द्यावे. सकाळी खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळावे. पूर्ण जाळली तर किलोभर सुक्या पानांची राख ओंजळभरही होत नाही, काळी ठेवली तर बरीच जास्त उरते. शंभर माणसांना चहाचा एक चमचा गाळलेली राख पुरते, हा अंदाज धरून चालावे.

सर्वांत वाईट चूक पाण्याची. राख कपाळावर टिकावी म्हणून कोणी तरी ती पाण्यात कालवून लगदा करतो. राखेत पोटॅशचे क्षार असतात, पाण्यात ते विरघळले की कातडीला झोंबणारे द्रावण तयार होते. राखेने भांडी घासताना हात चरचरतात त्याचे कारण हेच. वर घाम आला की लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या कपाळावर लाल चट्टे उठतात. विधीत राखेवर पवित्र पाणी शिंपडतात ते थेंबांपुरते, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. चिकटण्यासाठी दोन-चार थेंब खाद्यतेल घालावे, किंवा कोरडीच वापरावी. इटलीसारख्या देशांत ती डोक्यावर चिमटीने टाकतात. २०२१ साली साथीमुळे रोमहून सर्वांसाठीच तशी सूचना आली होती आणि राख लावतानाचे वाक्य एकदाच, सर्वांना उद्देशून म्हटले गेले. ते वाक्य बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले आहे : तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. उरलेली राख गटारात टाकत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी मातीत मिळवतात.

आता माणसांचा प्रश्न. नंदुरबार जिल्ह्यातून, विशेषतः डोंगरपट्ट्यातून, दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. फेब्रुवारीत पाड्यावर म्हातारी माणसे आणि शाळेतली मुलेच राहतात. तोडीवरचे लोक होळीला परततात, म्हणजे राखेचा बुधवार होऊन गेल्यावर. धर्मग्रामाची यादी तपासायची, प्रायश्चित्त संस्काराचे (पापनिवेदनाचे) दिवस ठरवायचे, ईस्टरच्या जागरणाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेणाऱ्या प्रौढांशी बोलायचे, अशी कामे पुस्तकाप्रमाणे उपवासकाळाच्या आधी व्हायला हवीत. इथे ती दोन हप्त्यांत करावी लागतात : गावात असलेल्यांची आधी, आलेल्यांची होळीनंतर. हे न ओळखता सगळे कार्यक्रम फेब्रुवारीत लावले की रिकाम्या बाकांपुढे उपदेश होतो.

एका धर्मगुरूला बुधवारी सगळ्या पाड्यांवर पोहोचता येत नाही. राखेवर आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षिताने) द्यायचा असतो, पण आशीर्वादित राख लावण्यात धर्मशिक्षक आणि इतर प्रापंचिक मदत करू शकतात. मिस्साशिवाय (मुख्य उपासनेशिवाय), बायबलच्या वचनवाचनासह हा विधी करता येतो. त्यासाठी राख झाकणाच्या कोरड्या डबीत, पाड्यागणिक वेगळी, आधीच भरून ठेवलेली बरी.

उपास या शब्दाने होणारा घोटाळा खास मराठी आहे. आपल्याकडे उपास म्हटले की साबुदाणा, भगर, बटाटा, आणि काय चालते, काय चालत नाही. चर्चच्या उपासात पदार्थापेक्षा प्रमाणाला महत्त्व आहे : दिवसात एकच पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडेसे, जे मिळूनही एका जेवणाएवढे होणार नाही. मांसवर्ज्य हा वेगळा नियम. त्यात दूध, अंडी, मासे चालतात. १९६६ साली उपासाचे सक्तीचे दिवस राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनांवर आले. १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे उपास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत, आणि मांसवर्ज्य चौदा वर्षांपासून पुढे. पोटभर साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्ली तर मराठी उपास होतो, चर्चचा होत नाही. हे आदल्या रविवारीच सांगायला हवे. ज्या घरात मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शिजते, तिथे मांसवर्ज्याचा भार मुळातच हलका. तिथे दारू, तंबाखू किंवा बाजारातला फुकटचा खर्च सोडणे हा खरा त्याग ठरतो.

अंडी, लोणी, दूध संपवण्यासाठी मंगळवारी पॅनकेक करण्याची युरोपीय रीत अँग्लो-इंडियन कुटुंबांबरोबर रेल्वेच्या गावांत आली. त्यांच्या पॅनकेकमध्ये ओल्या नारळाचे गोड सारण असते. आदिवासी पाड्यांवर ही रीत पोहोचली नाही, पोहोचण्याचे कारणही नव्हते. मात्र सणाआधी व्रताने राहण्याची कल्पना तिथे परकी नाही. होळीत बावा-बुध्या होणारे, म्हणजे सोंग घेऊन नाचणारे लोक आधी पालनी (व्रताचे नियम) पाळतात, जमिनीवर झोपतात, संयमाने राहतात. उपवासकाळ समजावून सांगताना धर्मशिक्षकाला युरोपातली उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

लग्नांचे गणितही याच दिवसांत बसते. त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली राखेच्या बुधवारापासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत थाटाची लग्ने लावण्यावरची जुनी मनाई कायम ठेवली. आज तशी बंदी नाही, पण साधेपणा अपेक्षित आहे आणि लोक सहसा तो काळ टाळतात. लग्नाची घोषणा रीतीप्रमाणे तीन रविवार होते. त्याआधी स्नानसंस्काराचा ताजा दाखला लागतो, आणि वधू किंवा वर दुसऱ्या धर्मग्रामातला असेल तर त्याची कागदपत्रे यायला वेळ जातो. बुधवारच्या आधी लग्न हवे असलेल्या घराने नाताळ संपताच ऑफिसात यावे. बरेच जण सरळ ईस्टरनंतरची तारीख धरतात. तोवर दादर ज्वारी आणि गहू घरात आलेला असतो, तोडीचा हिशेबही झालेला असतो.

प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास वेगळा. जळगाव-भुसावळ-चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी काम उभे केले. राखेचा बुधवार या मिशनांच्या परंपरेत नव्हता. त्यांचा भर प्रार्थनासभा, दुःखसहनाचा सप्ताह आणि शुभ शुक्रवारी येशूच्या क्रूसावरच्या सात वचनांवर राहिला. एकाच पाड्यात दोन्ही मंडळ्यांची घरे असतात, सोयरीकही असते. कपाळावरची राख पाहून प्रश्न विचारले जातात, आणि त्यांचे उत्तर नीट देता येईल इतकी तयारी आधीच्या रविवारी करून घ्यावी.

तो शेवटचा रविवार गायकगटाचा. बुधवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत आल्लेलुया गायचा नाही, आणि वाद्ये गाण्याला आधार देण्यापुरतीच. मध्ययुगात युरोपात काही ठिकाणी ‘आल्लेलुया’ लिहिलेली पाटी खरोखर पुरत असत. इथे ढोलकी आणि हार्मोनियमच्या साथीने तो शब्द त्या रविवारी मोकळ्या गळ्याने गातात. मंगळवारी वेदीवरची फुले उतरतात, ढोलकी फडक्यात गुंडाळली जाते, आणि पाड्यांसाठी भरलेल्या राखेच्या डब्या संस्कारगृहात ओळीने मांडून ठेवतात.