निरोप मरता मरत नाही तेव्हा

कर्करोगाच्या गाठीतल्या डीएनएची तपासणी जनुकातला बिघाड दाखवते. पण जनुक शाबूत असूनही त्याचं प्रथिन पेशीत बेसुमार साचू शकतं, कारण जनुकाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, नेमून दिलेल्या वेळी नष्ट होत नाही. तो किती टिकावा, कुठे कापून जोडावा, हे आरएनएला चिकटणारी प्रथिनं ठरवतात. माणसात अशी सुमारे 1,500 प्रथिनं आहेत.

पेशींना वाढायला लावणाऱ्या अनेक निरोपांचं आयुष्य मुद्दामच तोकडं ठेवलेलं असतं. काही तर अर्ध्या तासात निम्मे उरतात. त्यांच्या शेवटच्या भागात ए आणि यू या अक्षरांची रांग असते. तिथे टीटीपी नावाचं प्रथिन बसलं, तर निरोपाची ए-ए-ए अशी लांब शेपटी छाटली जाते आणि पुढे तो नष्ट होतो. तिथेच एचयूआर हे दुसरं प्रथिन बसलं, तर निरोप तगतो. रक्तवाहिन्यांना गाठीकडे ओढणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा निरोप हा याच झटापटीतला. एचयूआर एरवी बहुतांश केंद्रकात असतं. अनेक गाठींमध्ये ते बाहेर, पेशीद्रवात सापडतं. म्हणून ते एकूण किती आहे एवढंच मोजलं तर फसगत होते. रंगवलेल्या काचपट्टीवर ते कुठे आहे, हे पाहावं लागतं.

कोणतं प्रथिन कोणत्या आरएनएवर बसलंय हे शोधताना पेशी फोडण्याआधीच 254 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने त्यांच्या जोड्या पक्क्या करतात. नाहीतर पेशी फुटल्यावर प्रथिनं भलत्याच आरएनएला चिकटतात आणि निष्कर्ष चुकतो.

कर्करोगाच्या प्रसाराचा मामला अधिक गुंतागुंतीचा. ईएसआरपी 1 आणि 2 ही आरएनएला चिकटणारी प्रथिनं एफजीएफआर2, सीडी44 या जनुकांचे निरोप अशा तऱ्हेने जोडतात, की पेशी एकमेकींना धरून राहणाऱ्या अस्तरातल्यासारख्या राहतात. ती घटली की त्याच जनुकांपासून वेगळी प्रथिनं बनतात, पेशी सुट्या होऊन सरकू लागतात. मात्र स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील प्रयोगांत ईएसआरपी 1 नेच कर्करोगाच्या पेशींना फुप्फुसात बस्तान बसवायला मदत केल्याचंही दिसलं. त्यामुळे या प्रथिनांना सरसकट नायक किंवा खलनायक ठरवणं घाईचं होईल.

औषध बनवणंही सोपं नाही. आरएनए धरणारा पृष्ठभाग बहुधा सपाट असतो, लहान रेणूला घट्ट बसायला खाचच मिळत नाही. इंडिसुलाम या कर्करोगावरच्या औषधाची वाट वेगळी: ते आरबीएम39 या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाला पेशीच्या स्वतःच्या कचरा-यंत्रणेतल्या डीसीएएफ15 शी चिकटवतं आणि ती यंत्रणा आरबीएम39 चा फडशा पाडते. हे औषध आधीच रुग्णांवर तपासलं गेलं होतं. ते नेमकं काय करतं, हे 2017 मध्ये कळलं.