लूणवसही

लूणवसही : राजस्थानात अबू पहाडावर देलवाडा येथे असलेल्या श्वेतांबर जैन मंदिरसमूहातील नेमिनाथाचे, म्हणजे बाविसाव्या तीर्थंकराचे, मंदिर. विक्रम संवत १२८७ च्या फाल्गुनात, म्हणजे इ. स. १२३० मध्ये, नागेंद्र गच्छाचे (जैन साधूंच्या एका शाखेचे) आचार्य विजयसेनसूरी यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठा झाली. ‘वसही’ हे ‘वसति’चे प्राकृत रूप, कोल्हापूर-सांगलीकडे जैन मंदिराला ‘बस्ती’ म्हणतात, तो याच घराण्यातला शब्द. शेजारची विमलवसही १०३१ ची, म्हणजे दोनशे वर्षांनी थोरली. आराखडा लूणवसहीने बराचसा तिचाच घेतला.

मंदिर बांधणारे वस्तुपाल व तेजपाल हे प्राग्वाट (पोरवाड) कुळातले भाऊ, धोळक्याचा वाघेला राणा वीरधवल याचे मंत्री. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या स्वाऱ्यांनी गुजरात धास्तावलेला होता, तो हाच काळ. लूणिग हा त्यांचा अकाली वारलेला थोरला भाऊ. घरची गरिबी असताना मरणशय्येवर त्याने विमलवसहीत एक लहानशी मूर्ती बसवण्याची इच्छा बोलून दाखवली आणि पुढे भावांनी त्याच्या नावाने अख्खे मंदिर उभारले, असे प्रबंधग्रंथ, म्हणजे जैन लेखकांचे मध्ययुगीन कथासंग्रह, सांगतात. मंदिरातल्या शिलालेखात मात्र तेजपालाची पत्नी अनुपमादेवी आणि मुलगा लूणसिंह (लावण्यसिंह) यांच्या पुण्यासाठी हे बांधकाम केल्याचे म्हटले आहे. ‘लूण’ दोन्हीकडे येतोच.

या मंदिराच्या कथांमध्ये खरी मध्यवर्ती व्यक्ती अनुपमादेवीच आहे. भाऊ आपले धन पुरायला निघाले, तर खणताना जमिनीतून आणखीच सोने निघाले. आता हे ठेवायचे कुठे? अनुपमादेवी म्हणाली, डोंगराच्या माथ्यावर ठेवा. सगळ्यांना दिसेल, पण कुणाला नेता येणार नाही. दुसरी कथा बांधकामाची आहे. काम रेंगाळले म्हणून तेजपाल चिडला, तेव्हा सूत्रधार (मुख्य शिल्पी) शोभनदेवाने पहाडावरच्या थंडीचे कारण सांगितले : सकाळी कारागिरांचे हात आखडतात, आणि जेवण रांधण्यातही त्यांचा वेळ जातो. अनुपमादेवीने कारागिरांजवळ शेगड्या ठेवायला लावल्या आणि सगळ्यांसाठी एकच भटारखाना सुरू केला. संगमरवराच्या भुकटीइतकी चांदी तोलून दिल्याची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. पण शेगडीची गोष्ट जास्त पटते. बोटे बधिर झाली असती तर हे कोरीवकाम झालेच नसते.

अबूचा परिसर तर तिच्या माहेरचाच. ती पहाडाच्या पायथ्याजवळच्या चंद्रावती नगरातल्या धरणिगाची मुलगी. शिलालेखात मंदिराचा कारभार पाहणाऱ्यांमध्ये सासरच्या माणसांबरोबर तिच्या माहेरची माणसेही नोंदली आहेत. वार्षिक उत्सवाच्या आठ दिवसांपैकी कोणता दिवस कोणत्या गावच्या श्रावकांनी सांभाळायचा, हेही त्यात ठरवून दिले आहे. मंदिराची प्रशस्ती, म्हणजे शिलालेखातले स्तुतिकाव्य, रचली ती राजपुरोहित सोमेश्वर या ब्राह्मण कवीने.

बाहेरून मंदिर अगदी साधे दिसते. सारे वैभव आत आहे. मूलनायकाचा (मुख्य मूर्तीचा) गाभारा, त्यापुढे गूढमंडप (बंद मंडप), नवचौकी (नऊ चौकांचा मंडप) आणि रंगमंडप (खुला मंडप). भोवती ओवरीत देवकुलिकांची (छोट्या देवळ्यांची) रांग. रंगमंडपाचा घुमट एकावर एक वर्तुळाकार थर चढवत, पुढे सरकवत नेलेला आहे. खालच्या भागात सोळा विद्यादेवी (जैन परंपरेतल्या विद्यांच्या देवता) उभ्या आहेत. मधोमध संगमरवराचा लंबक झुंबरासारखा लोंबतो. खाली उभे राहून वर पाहिले की पाकळ्यांच्या कडा इतक्या पातळ दिसतात की त्यांतून उजेड झिरपतो. दगड छिन्नीने फोडला नसून कानशीने झिजवला असावा, असे वाटत राहते.

ओवरीतल्या एका छतावर नेमिनाथाचे चरित्र ओळींनी कोरले आहे. लग्नाची वरात, मेजवानीसाठी कोंडलेली जनावरे आणि त्यांचा आक्रोश ऐकून बोहल्यावर न चढता दीक्षा घेणारा नवरदेव. मूलनायकाचीच ही कथा असल्याने हे छत घाईने ओलांडू नये.

नवचौकीतले दोन कोरीव गोखले, म्हणजे कोनाडे, ‘देराणी-जेठाणी’चे म्हणून दाखवले जातात. दोघी जावांनी चढाओढीने ते करवून घेतले, अशी लोककथा. प्रत्यक्षात दोन्हींवरचे लेख सांगतात की तेजपालाने ते आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या पुण्यार्थ केले. जावांचे भांडण लोकांच्या लक्षात राहिले आणि सुहडादेवीचे नाव मात्र मागे पडले, याची हळहळ वाटते.

चौदाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या हल्ल्यात दोन्ही वसह्यांची मोडतोड झाली. शके १२४३ मध्ये (इ. स. १३२१) त्यांचा जीर्णोद्धार झाला; लूणवसहीचा पेथड नावाच्या व्यापाऱ्याने केला, अशी नोंद चौदाव्या शतकातले जैन आचार्य जिनप्रभसूरी यांनी केली आहे.

गाभाऱ्याच्या मागे हस्तिशाळा आहे. तिथे संगमरवराचे दहा हत्ती ओळीने उभे आहेत. अंबारीच्या दोरखंडाचे पीळसुद्धा दगडात मोजून घ्यावेत असे. त्यांच्यामागच्या कोनाड्यांत घरातली माणसे उभी आहेत, नावे कोरलेली. वस्तुपाल आपल्या दोन्ही पत्नींसह आणि तेजपालाशेजारी अनुपमादेवी.