धडधड पळवू नका, मुद्दाम बोलवा

बेळगावहून खानापूरला निघालेली बस गच्च भरलेली असते. पिरनवाडी मागे पडते न पडते तोच एखाद्याच्या छातीत धडधडू लागतं, बोटांना मुंग्या येतात, घसा आवळतो आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ असं वाटतं. तो मच्छ्यालाच उतरतो. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि आजार रुजतो तो तिथेच. ‘उतरलो म्हणून वाचलो’ अशी नोंद मेंदूत होते. पुढच्या खेपेला बसस्टँडवरच घाम फुटतो. मग बाजार सुटतो, लग्नकार्यं सुटतात.

खरं तर हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेली तीव्र भीती, बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास आपोआप ओसरतो, बसमधून उतरा किंवा न उतरा.

धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं, नाडी आणि श्वास वाढतो. बसल्या जागी श्वास जोरात चालला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता घटते. रक्तातलं मोकळं कॅल्शियम त्यामुळे थोडं कमी होतं, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या जराशा आकसतात, म्हणून गरगरतं. धाप लागते, पण ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. अशा वेळी घरचे कळवळून ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ म्हणतात. त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी जातो आणि मुंग्या वाढतात. चक्कर येऊन पडण्याची भीतीही बहुतेकांना असते, पण पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो आणि शुद्ध हरपते ती बहुधा रक्तदाब उतरल्यावर. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणं हा प्रकार वेगळा.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 साली हे चक्र मांडलं: शरीरात संवेदना उठते, तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लागतो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने संवेदना. उपचार घाव घालतो तो या अर्थावर.

त्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, विशेषतः चाळिशीनंतर किंवा साखर-बीपी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असल्यास पुढचे सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

हे सराव म्हणजे भीतिदायक संवेदना मुद्दाम, घरच्या घरी उठवणं. एक मिनिट जागच्या जागी धावलं की धडधड येते. खुर्चीत बसून एक मिनिट जोरजोरात तोंडाने श्वास घेतला-सोडला की मुंग्या आणि गरगर येते. शहाळ्याची बारीक नळी तोंडात धरून, नाक चिमटीत दाबून दोन मिनिटं श्वास घेतला की गुदमरल्यासारखं होतं. आधी कागदावर लिहा: ‘काय होईल असं वाटतं?’ सराव संपल्यावर लगेच पाणी पिऊ नका, पंख्याखाली जाऊ नका. संवेदना आपली आपण ओसरू द्या आणि मग खरोखर काय झालं ते लिहा. भीतीला 0 ते 10 गुण द्या. एका बैठकीत तोच सराव चार-पाच वेळा करा, असं रोज. धडधड तेवढीच राहील. उतरायला हवी ती भीती.

यानंतर बस. आधी पिरनवाडीपर्यंत, मग गणेबैल, मग खानापूर. पुढे गर्दीच्या वेळी, मधल्या सीटवर. भीती टोकाला असताना बसमधून उतरायचं नाही, हा नियम मात्र पक्का.

इतकं करूनही अनेकांची भीती हटत नाही. कारण बहुधा खिशात असतं: पाण्याची बाटली, ‘लागली तर’ म्हणून ठेवलेली गोळी, सोबतीला आणलेला भाऊ, दर मिनिटाला मनगटावर नाडी पाहणं. मेंदू श्रेय त्या बाटलीला देतो. या गोष्टी एकेक करून घरी ठेवाव्या लागतात. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे: ‘मी सामोरा गेलो, आता तू जा’ असं म्हणत संवेदना जाण्याची वाट पाहणं. तीही झुंजच. तिला राहू द्यायचं आणि खिडकीबाहेर बघत प्रवास चालू ठेवायचा.

अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांनी चटकन बरं वाटतं, पण त्यांची सवय लागते आणि सरावातून होणारं शिकणंही कच्चं राहतं. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. नैराश्य-चिंतेवर देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांची सवय तशी लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला धडधड थोडी वाढूही शकते. नेमकं तेव्हाच बरेच जण त्या सोडून देतात.

महिनाभर सारं ठीक चालून जागरणानंतर पुन्हा अटॅक आला तर दुसऱ्याच दिवशी तीच बस पकडा. आठवडा गेला की टाळाटाळ पुन्हा सुरू होते. एकट्याने जमत नसेल तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, जवळ आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.