संस्कृती, सांस्कृतिक देवाणघेवाण आणि सुख

विकसनशील देशांतील लोकांच्या सुखावर त्यांच्या स्वतःच्या संस्कृतीचा आणि बाहेरून येणाऱ्या संस्कृतींचा होणारा परिणाम हा अर्थशास्त्र, मानसशास्त्र व मानवशास्त्र यांचा सामाईक अभ्यासविषय आहे. येथे सुख म्हणजे घटकाभराचा आनंद नव्हे, तर स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान. ते मोजण्याची रूढ पद्धत साधी आहे : शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून, आपण आज कितव्या पायरीवर आहोत ते उत्तर देणाऱ्याने सांगायचे. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालातील क्रमवारी याच शिडीवरून ठरते.

उत्पन्न आणि समाधान यांचा संबंध आहेच, पण तो सरळ नाही. कोस्टा रिकासारखे लॅटिन अमेरिकेतील देश उत्पन्नाच्या मानाने पुष्कळ वर दिसतात. घट्ट कौटुंबिक नाती हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यातील झोपडपट्टीवासी, फुटपाथवर राहणारे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण आयुष्याबद्दल ही माणसे किंचित असमाधानी होती, पण कुटुंब, मैत्री अशा एकेका बाबीविषयी विचारल्यावर उत्तरे बरीच समाधानाची आली. यावरून गरिबी सुसह्य असते असा निष्कर्ष काढणे मात्र सोयीचे असले तरी चुकीचे आहे.

बाहेरच्या संस्कृतीचा परिणाम दूरचित्रवाणीच्या आगमनात सर्वांत स्पष्ट दिसतो. प्रशांत महासागरातील फिजी या बेटांच्या देशात धष्टपुष्ट शरीर हे घरच्यांनी नीट काळजी घेतल्याचे लक्षण समजले जाई. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. मानवशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची त्याच वर्षी व पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसऱ्या वेळी हे प्रमाण ११.३ टक्के होते. पडद्यावरच्या सडपातळ नायिकांसारखे व्हावे, असे मुली उघड बोलून दाखवत.

भारतात याच्या उलट घडले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, गावात केबल आल्यावर नवऱ्याने मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रहही सैलावला. म्हणजे ‘परकी संस्कृती सुख हिरावते’ हे सरसकट विधान टिकत नाही. येणारी प्रतिमा माणसाला कमी लेखणारे नवे माप देते की निवडीला नवी वाट देते, यावर बरेच काही ठरते. शिवाय केबलवरच्या मालिका शहरी भारतातल्याच होत्या. देवाणघेवाण देशांतर्गतही होते, हे सहसा विसरले जाते.

या प्रश्नाला राज्याच्या धोरणात स्थान देणारा देश भूतान. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय आनंदाची, म्हणजे देशाची प्रगती केवळ उत्पादनावरून नव्हे तर लोकांच्या सुखावरून जोखण्याची, कल्पना मांडली. २००८ च्या संविधानात ती आली. हा आनंद ज्या नऊ क्षेत्रांत मोजला जातो त्यांत सांस्कृतिक वैविध्य व टिकाऊपणा हे एक आहे. दूरचित्रवाणी आणि इंटरनेटला तेथे १९९९ पर्यंत परवानगी नव्हती. पण संस्कृतिरक्षणाची दुसरी बाजूही तिथलीच. १९८९ मध्ये राष्ट्रीय पोशाख सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली आणि पुढील काही वर्षांत एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक ल्होत्साम्पा निर्वासित होऊन नेपाळमधील छावण्यांत पोहोचले. २००७ नंतर त्यांपैकी बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिका व इतर देशांत झाले. भूतानच्या आनंद-पाहणीत त्यांची गणना होत नाही.