खेळशिल्प

खेळशिल्प : मुलांनी अंगावर चढावे, पोकळीत शिरावे आणि वरून घसरत यावे, या हेतूने सार्वजनिक उद्यानात उभारलेले शिल्प. झोपाळा किंवा शिडी कशी वापरायची हे आधीच ठरलेले असते. खेळशिल्पाच्या चढावर कोणत्या बाजूने चढायचे, त्यातल्या भोकाला गुहा मानायचे की घर, हे मात्र मुलांवर सोडलेले असते आणि या प्रकाराचे खरे मोल त्यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा हा प्रकार रुजला. स्टॉकहोममध्ये होल्गर ब्लोम उद्यानविभागाचे प्रमुख असताना शिल्पकार एगोन म्योलर-नीलसन यांनी १९४९ मध्ये हुमलेगोर्डन उद्यानात ‘टुफसेन’ हे शिल्प उभारले. ते कोणत्याही प्राण्यासारखे दिसत नाही. खळगे, उतार आणि आरपार वाटा असलेला तो एक गुळगुळीत आकार आहे.

या कल्पनेचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–८८) यांनी. पायऱ्या आणि उतार असलेली एक टेकडीच खेळाचे मैदान व्हावी, असा ‘प्ले माउंटन’चा आराखडा त्यांनी १९३३ मध्ये तयार केला, पण न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी तो उडवून लावला. उंचावरच्या साधनांवरून मुले पडतील ही हरकत लक्षात घेऊन १९४१ मध्ये त्यांनी केवळ जमिनीच्या चढउतारांतून घडणाऱ्या क्रीडांगणाचा नमुना केला. तोही कागदावर राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाजवळील योजना आणि वास्तुविशारद लुई कान यांच्यासह १९६१ पासून पाच वर्षे पुन्हापुन्हा आखलेली रिव्हरसाइड पार्कची योजना यांचीही तीच गत झाली. अमेरिकेत त्यांच्या हयातीत पूर्ण झालेले क्रीडांगण एकच, अटलांटाच्या पिडमाँट पार्कमधील ‘प्लेस्केप्स’ (१९७६). जपानमधील साप्पोरो शहराने मात्र १९८८ मध्ये कचरा भरावाची मोएरेनुमा येथील विस्तीर्ण जागा त्यांच्या हवाली केली. आराखडा तयार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नोगुची वारले. काम इतरांनी पुढे नेले आणि २००५ मध्ये उद्यान पूर्णपणे खुले झाले. न्यूयॉर्कने नाकारलेली टेकडी तेथे ३० मीटर उंचीची उभी आहे. साप्पोरोतीलच ओदोरी उद्यानात नोगुची यांची ‘ब्लॅक स्लाइड मंत्र’ ही काळ्या ग्रॅनाइटची वळणदार घसरगुंडी आहे. आतल्या पायऱ्यांनी वर जायचे आणि बाहेरच्या वळणावरून खाली यायचे, एवढीच तिची रचना आहे.

जेरुसलेमच्या किर्यात हायोवेल वस्तीत शिल्पकार नीकी द सेंट फाल यांनी १९७२ मध्ये पूर्ण केलेला ‘गोलेम’ हा काळापांढरा राक्षस वेगळ्या वाटेने जातो. त्याच्या तोंडातून तीन लाल जिभा जमिनीपर्यंत येतात आणि त्याच घसरगुंड्या आहेत. मुले घाबरतील म्हणून आधी त्याला विरोध झाला होता. भीतीवर मात करण्यासाठीच असा राक्षस हवा, हे द सेंट फाल यांचे म्हणणे पुढच्या पिढ्यांच्या खेळाने खरे ठरवले.

सिंगापूरमध्ये गृहनिर्माण मंडळाचे रचनाकार खोर इअन घी यांनी १९७९ पासून वसाहतींसाठी ड्रॅगन उभारले. तोआ पायोह येथील नारिंगी ड्रॅगनच्या डोक्यावर फरशीचे रंगीत तुकडे जडवलेले आहेत आणि खाली अजूनही वाळू आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे १९९० मध्ये ७० मीटर लांबीचा आडवा गलिव्हर साकारला. त्याच्या कपड्यांच्या चुण्यांवरून मुले घसरतात.

मुंबईत मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कमधला ‘म्हातारीचा बूट’ याच कुळातला म्हणता येईल. इंग्रजी बालगीतातील बुटात राहणाऱ्या म्हातारीवरून तो सुचला. आतल्या जिन्याने वर जाऊन खिडकीतून डोकावणे हाच त्यातला खेळ असल्याने त्याचे रूप शिल्पापेक्षा घराकडे झुकते. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या बागांत दिसणारी, सोंडेची घसरगुंडी असलेले सिमेंटचे हत्ती ही या प्रकाराची सर्वांत ओळखीची रूपे होत. त्यांच्या कर्त्यांची नावे सहसा कोठे नोंदलेली नसतात, ही खेदाची बाब आहे.

अशा कामात बहुधा लोखंडी सळ्यांचा सांगाडा वाकवून त्यावर जाळी बांधतात आणि काँक्रीटचे थर चढवून पृष्ठभाग घोटून घेतात. पाणी आत झिरपले की सळ्या गंजून फुगतात आणि गिलाव्याला तडे जातात, त्यामुळे देखभाल सतत लागते. अमेरिकेतील १९८१ च्या सुरक्षा मार्गदर्शिकेनंतर आणि युरोपातील १९९८ च्या मानकांनंतर जुन्या शिल्पांवर संक्रांत आली. आजच्या नियमांनुसार साधारण ८९ ते २३० मिलिमीटर रुंदीच्या बंदिस्त फटीत मुलाचे धड शिरून डोके अडकू शकते, म्हणून तशी फट धोक्याची ठरते. उंचीच्या प्रमाणात खाली मऊ थरही असावा लागतो. या अटी रास्त आहेत, पण त्यांचे निमित्त करून आख्खे शिल्प पाडणे हा उपाय नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅन गॅब्रिएल येथे बेंजामिन डोमिंगेझ यांनी १९६५ मध्ये घडवलेले ऑक्टोपस, देवमासा आणि सागरी सर्प २००६ मध्ये पाडले जाणार होते. रहिवाशांनी संघटना स्थापून, निधी उभारून ते वाचवले आणि त्यांवर आजही मुले खेळतात.